एस्पोझितो, कुणाचे?

नेपल्सच्या ब्रान्दी पिझ्झेरियात एक जुनी चिठ्ठी जपून ठेवली आहे. तारीख ११ जून १८८९, खाली सही कामिल्लो गाल्ली या राजघराण्याच्या भोजनव्यवस्थेच्या प्रमुखाची. राणीसाहेबांसाठी केलेले तीन प्रकारचे पिझ्झे उत्तम झाले, एवढाच मजकूर. त्यातल्या एका पिझ्झ्याला राणी मार्गेरिताचं नाव मिळालं, ही कथा पुण्या-मुंबईतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. ठेच लागते ती चिठ्ठी ज्याला लिहिली त्याच्या नावापाशी. राफाएले एस्पोझितो ब्रान्दी. ब्रान्दी हे त्याच्या बायकोचं आडनाव, आणि इटलीत नवरा बायकोचं आडनाव लावत नाही. पुढे १९३०च्या दशकात दुकान तिच्या माहेरच्या ब्रान्दी मंडळींकडे गेलं, म्हणून काही अभ्यासकांनी या चिठ्ठीच्या खरेपणावरच शंका घेतली आहे. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. माझं मन अडकतं ते मधल्या शब्दापाशी. दुकानाच्या पाटीवर ब्रान्दी राहिलं, पिझ्झ्यावर मार्गेरिता राहिली आणि ज्याच्या हातचा पिझ्झा म्हणतात त्याचं एस्पोझितो तेवढं मागे पडलं. नेपल्समध्ये त्याचं कुणाला नवलही वाटत नाही, कारण त्या शहरात आणि भोवतालच्या कँपानिया प्रांतात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच. दारावरच्या घंटांच्या पट्ट्या वाचत गेलं की दर जिन्यात एखादा एस्पोझितो भेटणारच.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की विचारतात, तुम्ही कुठले, कुणाचे? आडनावातून गाव कळतं, कधी वतन, कधी धंदा. इटलीतली बहुतेक आडनावंही हेच सांगतात. फेर्रारी लोहाराचं, रोस्सी तांबूस केसांच्या माणसाचं. एस्पोझितो हे आडनाव मात्र पहिल्यांदा ज्याला मिळालं त्याला घराणंच नव्हतं. लॅटिन 'एक्स्पोझितुस' म्हणजे बाहेर ठेवलेला. कुणीतरी मूल बाहेर ठेवलं, दुसऱ्या कुणीतरी आत घेतलं आणि वहीत लिहिलं. आडनाव तिथून सुरू झालं.

ती जागा आजही बघता येते. नेपल्सच्या फोर्चेल्ला भागात सांतिस्सिमा अनुन्त्सियाताचं चर्च आणि त्याला लागून जुनं धर्मादाय गृह आहे. गृहाची सुरुवात चौदाव्या शतकातली. १७५७च्या आगीत चर्च जळालं, ते वास्तुकार लुईजी व्हान्वितेल्लीने आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाने, कार्लोने, पुन्हा उभं केलं. प्रवेशकमानीच्या बाजूला भिंतीत एक छोटं भोक दिसतं. त्यामागे लाकडी पिंप बसवलेलं असे, उभ्या आसावर फिरणारं आणि एकाच बाजूने उघडं. रस्त्यावरून मूल त्या उघड्या बाजूत ठेवायचं, पिंप ढकलायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. पिंप फिरलं की उघडी बाजू आतल्या खोलीत येते आणि रस्त्याकडे नुसती लाकडी पाठ उरते. ठेवणारीचा चेहरा आतल्या बाईला दिसत नाही, आतल्या बाईचा ठेवणारीला दिसत नाही. हेच ते 'रुओता', चाक. भोक मुद्दाम लहान ठेवलेलं, तान्हं मूल मावेल एवढंच. थोडी मोठी झालेली पोरंही लोक अंगाला तेल चोळून आत सरकवत, असं नेपल्समध्ये अजून सांगतात. सांगणारे ही गोष्ट हसत सांगत नाहीत.

आतल्या बाईला 'रोतारा' म्हणत. दिवसरात्र कुणीतरी जागं असावं म्हणून तिची नेमणूक. घंटा वाजली की मूल उचलायचं, शेजारच्या दगडी कुंडात धुवायचं, पोटाशी धरून ऊब द्यायची. मग लिहिणं. तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, अंदाजे वय, अंगावर काय होतं, कापड कसलं, टोपडं होतं का, डाग किंवा तीळ कुठे, सोबत चिठ्ठी किंवा खूण होती का. बाप्तिस्मा झाल्याचं चिठ्ठीत नसेल तर तो इथेच उरकत. गळ्यात दोरीने शिशाची छोटी मुद्रा बांधत, म्हणजे शंभर सारख्या बाळोत्यांत हे मूल आणि वहीतली ही ओळ यांची गल्लत होणार नाही. पुढचं सगळं दूध पाजणाऱ्या बाईवर अवलंबून. आतल्या दाया पुरत नसत. एकेका बाईच्या अंगावर अनेक मुलं असत आणि पहिल्या काही आठवड्यांतच फार मुलं दगावत. शक्य तितकी मुलं बाहेरगावच्या बायकांकडे पाठवत आणि त्यासाठी दरमहा पैसे देत. पैसे थांबले की दाया मूल परत आणत किंवा नवं घेत नसत. अनुन्त्सियाताची स्वतःची मोठी बँक होती. ती १७०२ मध्ये बुडाली. बँकेच्या इतिहासात ती दिवाळखोरी असेल, या गृहात तिचा अर्थ दूध एवढाच होता.

जगलेल्यांना तिथे 'मादोन्नाची लेकरं', म्हणजे मेरीमातेची लेकरं, म्हणत.

या नोंदवह्या सतराव्या शतकापासूनच्या टिकल्या आहेत, आणि त्या वाचताना मनात दोन गोष्टी एकदम येतात. त्याच काळातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या औरस मुलाची चर्चमधली नोंद बघा. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, धर्ममायबाप, संपलं. ते मूल दिसायला कसं होतं, त्या दिवशी त्याला कशात गुंडाळलं होतं, यातलं काहीही कुणी लिहिलं नाही. ज्याला कुणी नाही त्या मुलाचं मात्र दुपट्याचं ठिगळसुद्धा लिहून ठेवलेलं. कुणी परत न्यायला आलं तर ओळख पटावी, हे त्याचं कारण. येणारे येतही असत. मूल सोडणाऱ्या सगळ्याच आया कुमारिका किंवा विधवा नव्हत्या. लग्नाची, चार पोरांची माणसंही दुष्काळात पाचवं मूल चाकात ठेवत आणि बरे दिवस आले की खूण घेऊन दाराशी उभी राहत. म्हणून अर्धं नाणं, अर्धं पदक, फाडलेलं देवाचं चित्र. अर्धं मुलाच्या अंगावर, अर्धं आईच्या पेटीत. मिलानच्या दफ्तरात तर खेळायचे कापलेले पत्तेही आहेत. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात अशा खुणा छोट्या खणांत मांडल्या आहेत, एकेका खणात एकेक. जी अर्धी तिथे आहेत त्यांचा दुसरा अर्धा कधी आलाच नाही, हे तिथे कुठल्याही फलकाने सांगावं लागत नाही.

वेळेची नोंद वाचताना मात्र सांभाळायला हवं. जुन्या वह्यांतले तास आजच्या घड्याळाचे नाहीत. इटलीत तेव्हा सूर्यास्तानंतर सुमारे अर्ध्या तासाने, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेपासून, तास मोजायला सुरुवात होई आणि तारीखही तिथेच बदले. 'रात्रीचे तीन' म्हणजे पहाटेचे तीन नव्हेत. डिसेंबरात ते साधारण संध्याकाळचे आठ, जूनमध्ये रात्रीचे अकरा. हा फरक विसरला की लोक पहाटेच्या काळोखात चोरपावलांनी येणाऱ्या आईचं चित्र रंगवतात. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा दिवेलागणीनंतर, रस्त्यावर माणसं असतानाच आलेली असते. महिन्यांचंही तसंच. '७ब्रे' म्हणजे सप्टेंबर, '८ब्रे' ऑक्टोबर, '९ब्रे' नोव्हेंबर आणि रोमन दहाचा आकडा घातलेला डिसेंबर. सात बघून जुलै लिहिणाऱ्यांनी कित्येक वंशवृक्षांत दोन-दोन महिन्यांचे घोळ घालून ठेवले आहेत.

नेपल्सचं एस्पोझितो सर्वांत प्रसिद्ध, पण अशी आडनावं शहरागणिक वेगळी. फ्लॉरेन्समध्ये रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीकडून बांधून घेतलेलं, टाकलेल्या मुलांसाठीचं इन्नोचेन्ती, म्हणजे निष्पापांचं, गृह १४४५ मध्ये सुरू झालं. ५ फेब्रुवारीला पहिली मुलगी आली, तो संत आगाताचा दिवस, म्हणून तिचं नाव आगाता स्मेराल्दा. तिथल्या मुलांमधून इन्नोचेन्ती, नोचेन्तिनी ही आडनावं पसरली. दर्शनी कमानींवर शिल्पकार आंद्रेआ देल्ला रोब्बियाने निळ्या गोलांत बाळोत्यात बांधलेली पांढरी बाळं बसवली आहेत. छायाचित्रांत ती गोंडस दिसतात, खालून मान वर करून बघितलं की प्रत्येकाचे पसरलेले रिकामे हात आधी दिसतात. रोममध्ये सांतो स्पिरितोच्या रुग्णालयातून प्रोयेत्ती आलं, फेकलेला अशा अर्थाचं, आणि हे आडनाव मला या सगळ्यांत कठोर वाटतं. बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती. मिलानमध्ये मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर, म्हणून तिथल्या मुलांना १८२५ पर्यंत सर्रास कोलोम्बो लावलं, आणि आज सगळ्या लोम्बार्दीत कोलोम्बोच कोलोम्बो आहेत. व्हेनिसच्या पिएता गृहातल्या, संगीतकार व्हिव्हाल्दीकडे शिकलेल्या मुलींना तर आडनावाच्या जागी वाद्यच मिळालं: आन्ना मारिया दाल व्हिओलिन, म्हणजे व्हायोलिनवाली आन्ना मारिया. युरोपभरचे प्रवासी तिचं वादन ऐकायला येत.

यावरून उलटा निष्कर्ष काढण्याची घाई होते. दिसला कोलोम्बो की मानायचा टाकलेला, हे चूक. कोलोम्बो हे माणसाचं नावही होतं आणि कबुतरं पाळणाऱ्यालाही ते चिकटे. अमेरिकेला पोचलेला कोलंबस जेनोव्हाच्या विणकराचा, दोमेनिको कोलोम्बोचा मुलगा. त्याचा मिलानच्या रुग्णालयाशी संबंध नाही. इन्नोचेन्तीचंही तसंच, इन्नोचेन्ते हे साधं बाप्तिस्म्याचं नाव आहे. एस्पोझितोबद्दल एवढी शंका घ्यावी लागत नाही. पण सगळे एस्पोझितो एकमेकांचे भाऊबंद, ही समजूत त्याहून मोठी चूक. एकाच रात्री एकाच चाकातून आलेली दोन मुलं वहीत एकाखाली एक एस्पोझितो असतात आणि त्यांच्यात रक्ताचा थेंबही सामायिक नसतो. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, ती भिंत.

१८१४ मध्ये नेपल्सच्या गादीवर असलेल्या झोआकिम म्युराने, नेपोलियनच्या मेव्हण्याने, टाकलेल्या मुलांना एस्पोझितो आडनाव द्यायला बंदी केली. हेतू चांगला होता. शाळेत, सैन्यात, लग्नाच्या बोलणीत जन्माचा डाग आडनावातूनच पुढे येऊ नये. ज्यांना ते आधी मिळालं होतं त्यांच्याकडे ते राहिलं, मुलानातवंडांत उतरलं आणि शंभर वर्षांत इतकं पसरलं की डाग पुसला गेला. लोकसंख्येने ते काम कायद्याहून चांगलं केलं, असं मला वाटतं. नव्या मुलांसाठी मात्र कारकुनांना रोज आडनावं शोधावी लागू लागली. सणाचं नाव, महिन्याचं नाव, फुलं, गावं, गुण, कधी नुसता कानाला बरा वाटणारा शब्द. मुलगा मोठा झाला की कुणाला काही कळू नये, हे साधलं. पण दोनशे वर्षांनी शोधणाऱ्या पणतूलाही काही कळत नाही. एस्पोझितोचा माग चाकापर्यंत नेता येतो. कारकुनाने सुचलं म्हणून दिलेल्या आडनावाचा माणूस आपल्या आडनावाचं गाव नकाशावर शोधत बसतो.

शिल्पकार व्हिन्चेन्झो जेमितोचंच बघा. १७ जुलै १८५२ रोजी तो अनुन्त्सियातात आला. त्याला द्यायचं होतं जेनितो, म्हणजे जन्मलेला. लिहिताना एक अक्षर चुकलं आणि झालं जेमितो, म्हणजे कण्हणं. मूल गमावलेल्या एका गरीब घराने त्याला नेलं, पुढे आईच्या दुसऱ्या नवऱ्यानेही जीव लावला आणि त्या माणसाचा चेहरा जेमितोने शिल्पात पुन्हा पुन्हा घडवला. नेपल्सच्या राजवाड्याच्या दर्शनी भिंतीत आठ राजांचे पुतळे आहेत, त्यातला सम्राट पाचव्या चार्ल्सचा पुतळा त्याचा. राजाच्या पुतळ्याखाली ज्या आडनावाचा उल्लेख होतो ते एका कारकुनाच्या हातचुकीतून आलेलं आहे, आणि तरी ते आता पूर्णपणे त्याचंच आहे.

असा माग काढायचाच असेल तर वाट ठरलेली आहे. इटलीच्या राज्य दफ्तरखान्यांचं 'आन्तेनाती' हे संकेतस्थळ फुकट आहे, वह्यांची पानं तिथे जशीच्या तशी बघता येतात. नेपल्सच्या राज्यात नागरी नोंदी १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून, आणि नेपोलियनच्या राजवटीतला तुकडा सोडला तर बाकीच्या बऱ्याच इटलीत १८६६ पासून. जन्मापासून सुरुवात करू नये. आधी लग्नाची नोंद शोधावी आणि तिच्यासोबतचा 'प्रोचेस्सेत्ती' म्हणजे जोडकागदांचा गठ्ठा काढावा. त्यात वधूवरांच्या जन्माचे उतारे असतात, बाप वारलेला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला, पुष्कळदा आजोबांचाही. दुसऱ्या बाजूचा गठ्ठा जाड आणि एका बाजूला एकच कागद, असं दिसलं की चाक जवळ आलं. मग जन्मवही. इथे लोक हमखास अडतात, कारण टाकलेल्या मुलांची नोंद पुष्कळ गावांत नेहमीच्या पानांत नसून वहीच्या मागच्या, 'इतर नोंदी' या भागात असते आणि वर्षअखेरच्या सूचीत ती कधीकधी फक्त पहिल्या नावाखाली सापडते. नोंद मिळाली की ती शब्दन् शब्द उतरवावी. चाकाची राखणदारीण मूल घेऊन नगराध्यक्षासमोर आली, किती वाजता सापडलं, कशात गुंडाळलेलं, खूण होती की नव्हती, आणि 'आम्ही त्याला अमुक नाव व तमुक आडनाव दिलं'. समासही वाचावा. आईबापांनी नंतर लग्न करून मुलाला आपलं म्हटलं असेल तर ते तिथे असतं, आणि तसं असेल तर पुढच्या नोंदी वेगळ्याच आडनावाखाली जातात. मुलगा असेल तर विसाव्या वर्षाच्या सुमाराची सैन्यभरतीची यादीही बघावी. तिथे उंची, केसांचा रंग, धंदा, लिहिता येतं का, सगळं असतं. १८०९ आधीच्या काळासाठी मात्र चर्चच्या लॅटिन वह्यांशिवाय इलाज नाही. तिथे 'अज्ञात मातापित्यांचा' अशा अर्थाचे दोन शब्द दिसले की समजावं.

मराठी माणूस यात एका ठिकाणी ठरावीक अडखळतो. आपल्याला लग्नानंतर बाईचं आडनाव बदलण्याची सवय, म्हणून तिचा मृत्यू नवऱ्याच्या आडनावाखाली शोधतो आणि काहीच सापडत नाही. इटालियन नोंदींत बाई जन्मली त्याच आडनावाने मरते. त्यामुळे बायकांकडून आलेला एस्पोझितोचा धागाही तुटत नाही, हे शोधणाऱ्याचं नशीबच. लेखनातले फरकही सोबत तपासावेत: एस्पोस्तो, सिसिली-कालाब्रियाकडे स्पोझितो, सोरेन्तोकडे देस्पोझितो. आणि उच्चार. इटलीत जोर 'पो'वर. अटलांटिकपलीकडे तो 'झी'वर सरकला. कॅनडाच्या आइस हॉकीपटू फिल एस्पोझितोचं नाव तिथे तसंच घेतात. डाग लपावा म्हणून तिथल्या घरांनी जोर मुद्दाम हलवला, अशी एक समजूत आहे. मला ती पटत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेने इतर शेकडो इटालियन आडनावांचं हेच केलं आहे.

चाकं बंद होण्याची सुरुवात फेर्रारा शहराने १८६७ मध्ये केली. नेपल्स आणि फ्लॉरेन्सची १८७५ मध्ये थांबली, उरलेली १९२३च्या नियमांनी कायमची गेली. मुलं येणं त्याने थांबलं नाही, फक्त कुणीतरी समोर येऊन देऊ लागलं. कागदांवर बापाच्या जागी 'एन.एन.', म्हणजे नाव ठाऊक नाही, असं लिहिण्याची पद्धत त्यानंतरही चालू होती. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर ती दोन अक्षरं सगळ्यांसमोर वाचली जात, आणि ती काढण्यासाठी १९५५चा कायदा यावा लागला. आज सापडलेल्या मुलाचं नाव ठेवताना अधिकाऱ्याने काय करू नये हे २०००च्या नागरी नोंदणी नियमांत लिहिलं आहे: जन्माची परिस्थिती उघड करणारं आडनाव नको, इतिहासात गाजलेलं नको, त्या गावात नामांकित असलेल्या घराण्याचंही नको. तीन नकारांत चार शतकांचा अनुभव आहे. इटलीत आजही बाईला रुग्णालयात नाव न सांगता बाळंत होता येतं. दाखल्यावर 'जिने नाव देण्यास संमती दिली नाही अशी स्त्री' एवढंच येतं आणि मूळ कागद शंभर वर्षं बंद राहतात. २०१३ मध्ये घटना न्यायालयाने २७८ क्रमांकाच्या निकालात त्यात फट पाडली: मोठं झालेलं मूल न्यायालयाकडे अर्ज करू शकतं, न्यायालय त्या बाईला गुप्तपणे विचारतं की तुम्ही अजूनही नाव झाकूनच ठेवणार का. ती हो म्हणाली तर कागद पुन्हा बंद होतात. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण दोघांपैकी कुणालाही न विचारता दार उघडत नाही, आणि चाकाच्या काळात विचारण्याची सोयच नव्हती.